बेगमपेठ, तारनाका, नलगोंडा

हैदराबादला पाहुणे आले की त्यांना काय दाखवावयाचे, हा प्रश्न येथील मराठी घरांत सहसा पडत नाही. चारमिनार, लाड बाजारातील बांगड्या, सालारजंग संग्रहालय, गोवळकोंडा, आणि वेळ उरलाच तर हुसेनसागराच्या काठी एक संध्याकाळ, असा दोन दिवसांचा क्रम केव्हाच ठरून गेलेला आहे. त्यात वावगे काही नाही. परंतु या शहराच्या पोटात आणखी एक शहर आहे आणि त्याची ओळख पाहुण्यांना तर नसतेच, पण आपल्यापैकी पुष्कळांनाही नसते. माणूस आजारी का पडतो, या एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरविणाऱ्यांचे ते शहर होय. डासाच्या पोटापासून ज्वारीच्या भाकरीपर्यंत आणि भुलीच्या औषधापासून विहिरीच्या पाण्यापर्यंत हा शोध येथे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. वैद्यकीय संशोधन म्हणजे पांढरा कोट आणि काचेच्या नळ्या, अशी जी समजूत आपण मुलांच्या मनात रुजवितो, ती किती तोकडी आहे, हे या वाटेने हिंडले म्हणजे ध्यानात येते.

आरंभ बेगमपेठेपासून करावा. जुन्या विमानतळाशेजारी इंग्रजी अमदानीतील एक इमारत उभी आहे. विमाने शमशाबादला गेली त्याला आता बरीच वर्षे झाली. तीही आपल्या जागी आहे. आज ती उस्मानिया विद्यापीठाकडे असून तिला सर रोनाल्ड रॉस यांचे नाव दिलेले आहे. याच ठिकाणी, २० ऑगस्ट १८९७ रोजी, लष्करी वैद्यकीय सेवेतील चाळिशीच्या या अधिकाऱ्याला एका डासाच्या पोटाच्या भित्तिकेत काळे रंगकण असलेल्या गोल पेशी दिसल्या. हिवतापाचे जंतू डासाच्या शरीरात वाढतात, याचा तो पहिला पुरावा.

हे वाक्य लिहावयास सोपे आहे. त्यामागची दोन वर्षे सोपी नव्हती. हिवतापाचा परजीवी १८८० साली लाव्हरां या फ्रेंच वैद्याने अल्जीरियात रोग्याच्या रक्तात पाहिला होता. तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो कसा, हे कोणालाच ठाऊक नव्हते. दूषित हवा, दलदलीची वाफ, अशी कारणे पुस्तकांत छापलेली असत. लंडनच्या पॅट्रिक मॅन्सन यांनी डासाकडे बोट दाखविले. पण डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन माणसाला ताप येतो, असा त्यांचा कयास होता. रॉस १८९५ मध्ये सिकंदराबादला आले ते ही कल्पना डोक्यात घेऊन. त्यांनी शेकडो डास फाडून पाहिले आणि हाती काही लागले नाही, कारण ते डासच मुळी चुकीच्या जातीचे होते. करड्या आणि पट्टेरी डासांत हिवतापाचा जंतू वाढत नाही. पंखांवर ठिपके असलेला डास त्यांना मिळाला तो १८९७ च्या ऑगस्टमध्ये.

त्या दिवसांचे वर्णन रॉस यांनी पुढे आपल्या आठवणींत केले आहे. उकाडा असह्य होता, पण पंखा चालवावा तर फाडलेले डास उडून जात. कपाळाचा आणि हातांचा घाम गळून सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते आणि उरलेल्या एकमेव भिंगाला तडा गेला होता. हुसेन खान नावाचा हिवतापाचा एक रुग्ण होता. त्याला मच्छरदाणीत निजवून त्याच्या अंगावर डास सोडण्यात आले. दर डासामागे एक आणा, असा त्याचा मोबदला ठरला होता. डासांनी रक्त पिऊन घेतले आणि मग दररोज एकेक-दोनदोन करून ते फाडण्यात आले. चौथ्या दिवशी त्या पेशी दिसल्या.

रॉस यांना १९०२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. हुसेन खानाला काही आणे मिळाले. त्याचे पुढे काय झाले, ताप उतरला की नाही, हे कोठे वाचल्याचे मला आठवत नाही. आमच्या क्रमिक पुस्तकात रॉस आहेत, हुसेन खान नाही. वर्गात हा धडा आला की मी त्याचे नाव फळ्यावर लिहितो, एवढेच.

रॉस यांचे काम येथे पुरे झाले नाही. महिन्याभरातच त्यांची बदली राजपुतान्यात झाली आणि डासाच्या लाळेतून जंतू कसा जातो, हे त्यांनी पुढे १८९८ साली कलकत्त्यात पक्ष्यांच्या हिवतापावर दाखविले. माणसाच्या बाबतीत ते इटलीच्या ग्रासी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले. श्रेय कोणाचे, यावरून उभयतांत पुढे जो कडवट वाद झाला, त्यात शिरण्याचे कारण नाही.

मराठी माणसाला १८९७ हे साल वेगळ्याच कारणांनी ठाऊक असते. प्लेग, पुण्यातील सक्तीची घरतपासणी, रँडचा वध. त्याच वर्षी १० जानेवारीला मुंबईत हाफकिन यांनी आपण तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. म्हणजे एकाच वर्षी, दख्खनच्या एका टोकाला लोकांच्या घरांत शिपाई घुसवून रोग आवरण्याचा खटाटोप चालला होता, आणि मुंबईत व सिकंदराबादेत दोन माणसे सूक्ष्मदर्शकाशी बसून त्याच प्रश्नाकडे निराळ्या वाटेने जात होती. सार्वजनिक आरोग्य या शब्दाच्या दोन्ही बाजू त्या एका वर्षात आल्या आहेत. शिवाय शोध लागला म्हणजे रोग गेला, असेही नाही. स्वतंत्र भारतात १९५३ साली हिवताप नियंत्रणाची मोहीम सुरू झाली. १९६५ च्या सुमारास देशातील रुग्णसंख्या वर्षाला एक लाखाच्या आसपास उतरली, आणि मोहीम ढिली पडताच १९७६ साली ती चौसष्ट लाखांवर गेली. डास तोच, जंतू तोच, आणि शोधाला ऐंशी वर्षे उलटलेली.

बेगमपेठेहून मुसी नदीच्या काठी अफझलगंजला यावे. कालक्रमाने पाहिले तर येथली गोष्ट आधीची आहे. निजामाच्या राज्यात १८४६ साली वैद्यकाची शाळा निघाली आणि एडवर्ड लॉरी हे तिचे प्रमुख असताना, १८८८ व १८८९ मध्ये, हैदराबादचे नाव जगभरच्या शस्त्रवैद्यांच्या तोंडी झाले. क्लोरोफॉर्म हुंगवून भूल देताना काही रुग्ण अचानक दगावत. ते हृदय बंद पडून दगावतात की श्वास थांबून, हा वाद होता. भूल देणाऱ्याने नाडीवर बोट ठेवावे की छातीच्या हालचालीवर डोळा, हे त्यावर अवलंबून असल्यामुळे हा वाद नुसता पुस्तकी नव्हता. लॉरी श्वासाच्या पक्षाचे. त्यांच्या पहिल्या समितीचा निष्कर्ष लंडनच्या ‘लॅन्सेट’ नियतकालिकाने मानला नाही. तेव्हा सहावे निजाम महबूब अली खान यांनी एक हजार पौंड देऊ केले आणि आपला तज्ज्ञ पाठवून खात्री करून घ्या, असे ‘लॅन्सेट’ला सुचविले. लॉडर ब्रंटन नावाचे नामांकित वैद्य आले ते विरुद्ध मताचे होते. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले आणि ब्रंटन यांनी लॉरींचे म्हणणे मान्य केले.

दुर्दैवाने निष्कर्ष चुकला होता. क्लोरोफॉर्मने हृदयाचे ठोके विस्कटून थेट मृत्यू येऊ शकतो, हे लेव्ही या संशोधकाने १९११ साली दाखविले. मग हैदराबादच्या त्या खटाटोपाला किंमत काय? माझ्या मते पुष्कळ. मतभेद झाला असता मोठ्या माणसाच्या नावाने तो न मिटविता, विरुद्ध पक्षाच्या जाणकाराला घरी बोलावून त्याच्यासमोर प्रयोग मांडणे, ही गोष्ट आजही फारशी रुळलेली नाही. श्वासावर लक्ष ठेवण्याची शिस्तही त्यातूनच बळावली. याच शाळेत १८८५ साली दाखल झालेल्या मुलींच्या पहिल्या तुकडीतील रूपाबाई फरदूनजी या पारशी विद्यार्थिनीने पुढे हैदराबादच्या इस्पितळांत वर्षानुवर्षे भूल देण्याचे काम केले. जगातील पहिली स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

त्या काळचे अफझलगंज इस्पितळ २८ सप्टेंबर १९०८ च्या मुसीच्या महापुरात गेले. आज दिसते ती उस्मानिया इस्पितळाची घुमटांची इमारत नंतरची. पण आवारातील चिंचेचे झाड जुनेच आहे. पुराच्या वेळी त्याच्या फांद्यांवर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली, असे सांगतात. पाहुण्यांना निदान ते झाड तरी अवश्य दाखवावे.

येथून पुढे जावयाचे ते तारनाक्याला, आणि येथे मी वाचकांना जरा अधिक वेळ थांबविणार आहे. जामे-उस्मानिया स्थानकापासून जवळच राष्ट्रीय पोषण संस्था आहे. तिचा जन्म मात्र निलगिरीतला. १९१८ साली कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटच्या एका खोलीत रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी बेरीबेरी या रोगाची चौकशी सुरू केली. त्या खोलीचे पुढे पोषण संशोधन प्रयोगशाळेत रूपांतर झाले. केंब्रिजहून डॉक्टरेट घेऊन आलेल्या आपल्या कमलाबाई सोहोनी यांनी कुन्नूरला काही काळ काम केले होते, हे अनेकांना ठाऊक असेल. १९५८ साली ही सारी प्रयोगशाळा हैदराबादला हलली, तेव्हा डॉ. व्ही. एन. पटवर्धन संचालक होते. १९६९ मध्ये तिला आजचे नाव मिळाले.

थंड हवेच्या कुन्नूरहून मंडळी दख्खनच्या उन्हात आली आणि येथील इस्पितळांत त्यांना एक विचित्र दृश्य दिसले. उन्हाला उघड्या राहणाऱ्या हातापायांची आणि गळ्याभोवतीची कातडी काळवंडून सोललेली, जीभ लालभडक, जुलाब थांबत नाहीत आणि पुष्कळांची बुद्धी भ्रमिष्ट झालेली. मनोरुग्णालयातही असे रोगी होते. हा पेलाग्रा. युरोप-अमेरिकेत तो मका खाणाऱ्यांचा रोग म्हणून प्रसिद्ध होता. नायसिन हे जीवनसत्त्व कमी पडले की तो होतो. मक्यातील नायसिन शरीराला सहजी मिळत नाही आणि ज्या ट्रिप्टोफॅन नावाच्या घटकापासून शरीर ते स्वतः बनवू शकते, तोही मक्यात थोडाच असतो. मेक्सिकोतले लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवून घेत, म्हणून ते बचावले. परंतु दख्खनमध्ये मका खातो कोण? येथले रोगी ज्वारी खाणारे होते, आणि ज्वारीत ट्रिप्टोफॅन मक्याइतके कमी नाही. हिशेब जुळेना.

डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे एक उत्तर मांडले. ज्वारीत आणि मक्यात एक गोष्ट समान आहे. दोहोंत ल्युसिन नावाचे अमिनो आम्ल फार असते. हे ल्युसिन अति झाले की ट्रिप्टोफॅनपासून नायसिन बनविण्याच्या आणि ते वापरण्याच्या क्रियेत बिघाड करते. म्हणजे दोष केवळ उणिवेचा नाही, असमतोलाचाही आहे. या मतावर पुढे बराच खल झाला, परदेशांतील काही प्रयोगशाळांना तेच निकाल मिळाले नाहीत, आणि वाद पूर्ण मिटला असे म्हणता येणार नाही. पण आहारातील एका घटकाचे आधिक्य दुसऱ्याचे दुर्भिक्ष निर्माण करू शकते, हा विचार तेथून पुढे जगभर गेला.

मराठवाड्यात मुळे असलेल्या आमच्यासारख्या घरांना हे वाचून थोडे दचकायला होते. ज्वारीची भाकरी म्हणजे आमचा प्राण. हुरडा, कण्या, आंबील, सारे ज्वारीचे. तेव्हा येथे स्पष्ट सांगितले पाहिजे की अपराध भाकरीचा नव्हता. भाकरीबरोबर डाळ, पालेभाजी, ताक, शेंगदाण्याची चटणी ज्याच्या ताटात पडत होती, त्याला पेलाग्रा होत नव्हता. ज्याच्या ताटात सकाळ-संध्याकाळ नुसती भाकरी आणि मिरची होती, त्याला होत होता. इस्पितळातील ते रोगी बहुतेक मजूर होते. पुढे आहारातील ज्वारीचा वाटा घटला, तांदूळ-गहू सर्वत्र मिळू लागले आणि पेलाग्रा आता क्वचितच दिसतो. ज्वारी महाग होऊन आता ती शहरातल्या मधुमेही श्रीमंतांच्या ताटात गेली आहे, ही गंमत निराळी. डॉ. गोपालन १९१८ मध्ये, म्हणजे कुन्नूरच्या त्या खोलीच्याच वर्षी जन्मले, आणि २०१९ मध्ये वारले.

या संस्थेच्या कामाचा पसारा एका लेखात मावणारा नाही. ‘अ’ जीवनसत्त्वाअभावी लहान मुलांना रातांधळेपणा येतो आणि काहींची दृष्टी कायमची जाते. त्यावर दर सहा महिन्यांनी एक मोठी मात्रा तोंडाने पाजली तर भागते का, याची पाहणी या मंडळींनी खेड्यांत केली आणि १९७० साली त्याच पायावर राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. आपल्या अंगणवाडीत मुलांना जो चमचाभर गोड तेलकट डोस देतात, तो हाच.

बडोद्याच्या वाचकांना जवळची वाटेल अशी एक हकीकतही सांगितली पाहिजे. १९७४ च्या शरदात गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागातील आदिवासी पाड्यांवर कावीळ आणि पोटात पाणी होऊन माणसे पटापट मरू लागली. शंभराहून अधिक दगावली. साथ म्हणावी, तर ती एका घरातून शेजारच्या घरात जात नव्हती. हैदराबादहून गेलेल्या चमूच्या नजरेला एक गोष्ट आली, ती अशी की घरातील कुत्रीही त्याच लक्षणांनी मरत होती आणि अंगावर पिणारी तान्ही मुले मात्र बचावत होती. म्हणजे दोष अन्नात. अवेळी पावसाने भिजलेला मका घरात तसाच साठविला होता, त्यावर बुरशी धरली होती आणि त्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृत पोखरीत होते. हा शोध लावावयास प्रथम उपकरण लागले नाही. कुत्रे काय खाते, हे विचारण्याची बुद्धी लागली.

तारनाक्याजवळच हब्सीगुड्याला पेशी आणि रेणुजीवशास्त्राची प्रसिद्ध संस्था आहे, आणि शहराबाहेर तुर्कपल्लीकडे लसींचे कारखाने आहेत. तेथील एका कारखान्याच्या कोविड-लसीला जानेवारी २०२१ मध्ये परवानगी मिळाली. तिच्यासाठी वापरलेला विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने वेगळा केला होता. या गोष्टी सर्वांच्या ताज्या स्मरणात आहेत, म्हणून त्यांवर मी रेंगाळत नाही.

ज्याला खरोखर सवड आहे, त्याने एक दिवस काढून नलगोंड्याला जावे. हैदराबादहून सुमारे शंभर किलोमीटर. वाटेवर प्रेक्षणीय असे काही नाही. खडकाळ माळ, मधूनच भाताचे हिरवे तुकडे, आणि ताडाची झाडे. या जिल्ह्यातील जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड फार. पाण्यात ते लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेले की प्रथम मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उठतात, आणि वर्षानुवर्षे तेच पाणी पोटात गेले की हाडे जड व ठिसूळ होतात, पाठीचा कणा ताठरतो, मान वळत नाही. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड जिल्ह्यांच्या काही भागांतही हे दुखणे आहे. भारतात त्याची पहिली शास्त्रीय नोंद १९३७ साली मद्रास इलाख्यात झाली.

पुढे १९७३ साली पोषण संस्थेच्या संशोधकांनी नलगोंडा भागातील एक नवी विकृती जगापुढे मांडली. वाढत्या वयाच्या मुलांचे गुडघे आत वळून एकमेकांना घासत होते. जुन्या फ्लोराइडच्या रोगात असे नसे. त्यांचा तर्क असा, की १९६७ साली नागार्जुनसागर धरण भरल्यावर भोवतालच्या जमिनीतील पाण्याची पातळी चढली, मातीचा गुण बदलला, त्या मातीतील ज्वारीत मॉलिब्डेनम अधिक येऊ लागले, आणि त्यामुळे शरीरातील तांबे घटले. भात खाणाऱ्यांपेक्षा ज्वारी खाणाऱ्या गरीब घरांत हे अधिक दिसले. धरण बांधणाऱ्या अभियंत्याच्या स्वप्नातही मुलाचे गुडघे आले नसतील. वैद्यकाचे संशोधन कोठकोठे पोहोचते, हे मला या उदाहरणाइतके दुसऱ्या कशाने पटले नाही.

पाण्यातून फ्लोराइड काढण्याची युक्ती नागपूरच्या पर्यावरण अभियांत्रिकी संस्थेने, म्हणजे ‘नीरी’ने, १९७० च्या दशकात शोधली आणि तिला नावच दिले ‘नलगोंडा तंत्र’. चुना आणि तुरटी पाण्यात ठरलेल्या प्रमाणात टाकावयाची, दहा मिनिटे ढवळावयाचे, तासभर निवू द्यावयाचे आणि वरचे पाणी ओतून घ्यावयाचे. निर्जंतुक करण्यासाठी ब्लीचिंग पावडर. घरच्या बादलीत होईल इतके सोपे. पण तुरटीचे प्रमाण प्रत्येक विहिरीच्या पाण्याप्रमाणे बदलते, खाली बसलेला गाळ कोठे टाकावा हा प्रश्न उरतो, आणि पहाटे मजुरीला जाणाऱ्या बाईने रोज पाणी ढवळीत बसावे, अशी अपेक्षा धरणाऱ्याने तिचा दिवस पाहिलेला नसतो. तंत्राला नलगोंड्याचे नाव मिळाले. नलगोंड्याला पाणी मिळावयास पुढे कित्येक वर्षे गेली. २०१६ साली सुरू झालेल्या ‘मिशन भगीरथ’ योजनेने नद्यांचे पाणी शुद्ध करून नळाने गावोगाव नेले. या जिल्ह्यात आले ते कृष्णेचे. महाबळेश्वरला उगम पावलेली आपली कृष्णा येथे अशी भेटते.

तेथील एका खेड्यातील शाळेत मी गेल्या हिवाळ्यात गेलो होतो. एकाच व्यवसायातले असल्यामुळे तेथील मुख्याध्यापक मोकळेपणाने बोलले. मुलांच्या कायमच्या दातांचे कवच पहिल्या सात-आठ वर्षांत घडते आणि त्या काळात पोटात गेलेल्या पाण्याची खूण दातावर जन्मभर राहते, हे त्यांनी मला मोडक्या हिंदीत समजावून सांगितले. मग म्हणाले, “सार, चला, हजेरी घेऊ.” प्रत्येक वर्गाच्या दाराशी उभे राहून ते मुलांना हसावयास सांगत. दहावीत तपकिरी पट्टे असलेले दात बरेच होते. आठवीत कमी. चौथीच्या वर्गात शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने तेवढा हात तोंडावर धरला होता. त्यांनी तेलुगूत काही विचारले, तेव्हा तिने हात काढला. दात पडले होते, म्हणून ती लाजत होती.

शिपाईमामांनी चहा आणला. त्यांचे वय माझ्याच आसपास असावे. कप देताना त्यांना मान वाकविता येत नव्हती. सबंध शरीर वळवून त्यांनी तो माझ्या हाती दिला.